भूल आणि स्त्रीरोग-शस्त्रक्रियेतील रक्तस्राव

गर्भाशय, अंडाशय, योनिमार्ग व त्यांना आधार देणारी ऊतके यांवरील शस्त्रक्रियेत किती रक्त जाते, हे मुख्यत्वे रोगाचे स्वरूप व शस्त्रवैद्याचे कौशल्य यांवर अवलंबून असते. तथापि रुग्णास कोणत्या प्रकारची भूल दिली आहे यावरही ते काही अंशी ठरते. भुलीचे दोन मुख्य प्रकार आहेत. सार्वदेहिक भुलीत (शुद्धिहरणात) रुग्णाची शुद्ध पूर्णपणे हरपते, तर प्रादेशिक भुलीत (बधिरीकरणात) शुद्ध कायम राहून शरीराचा ठराविक भाग बधिर होतो. पहिल्या प्रकारात ईथर, क्लोरोफॉर्म, हॅलोथेन यांसारखी हुंगण्याची द्रव्ये व थायोपेंटोन, केटामीन, प्रोपोफोल यांसारखी शिरेतून द्यावयाची औषधे मोडतात. दुसऱ्या प्रकारात मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात औषध टोचून दिलेली, बोलीभाषेत ‘कमरेखालची भूल’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत सर्वांत महत्त्वाची आहे. यांपैकी कोणती भूल निवडावी हा प्रश्न दीर्घकाळ केवळ वेदना व मृत्यूचा धोका या दोन दृष्टींनीच पाहिला गेला. रक्तस्रावाचा विचार त्यात फार उशिरा आला.

हा विचार भारतीय परिस्थितीत अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रौढ स्त्रीच्या शरीरात वजनाच्या दर किलोग्रॅममागे सु. ६५ मिलि. रक्त असते. म्हणजे ४० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीच्या शरीरात जेमतेम २,६०० मिलि. रक्त असून शस्त्रक्रियेत ५०० मिलि. रक्त गेल्यास तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया पांडुरोगी आढळल्या. मासिक पाळीत अतिरिक्त रक्त जाते म्हणूनच पुष्कळ स्त्रिया शस्त्रक्रियेसाठी येतात. त्यामुळे मेजावर येण्यापूर्वीच त्यांचे रक्त कमी झालेले असते. सुदृढ स्त्रीला जो स्राव जाणवणारही नाही, तोच अशा रुग्णाला रक्ताधानाच्या (बाहेरून रक्त देण्याच्या) दारी नेतो.

शारीरिक आधार : गर्भाशयाच्या भित्तीतील स्नायुतंतू एकमेकांत गुंतलेले असून रक्तवाहिन्या त्यांच्या जाळीतून जातात. तंतू आकसले की या वाहिन्या आपोआप आवळल्या जातात. ते सैल पडले की उघड्या राहतात. गर्भ नसताना गर्भाशयातून मिनिटास सु. ५० मिलि. रक्त वाहते, तर पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयातून ५०० ते ७०० मिलि. वाहते. यावरून प्रसूती, गर्भपात किंवा सिझेरियन छेद यांनंतर स्नायू सैल राहिल्यास काय होईल याची कल्पना येते. याखेरीज कटिरातील (ओटीपोटाखालच्या पोकळीतील) नीलांचे जाळे विस्तृत असून त्यांत झडपा अत्यल्प असतात. परिणामी छातीतील वा उदरातील दाब वाढला की तो थेट शस्त्रक्रियेच्या जागी पोचतो आणि रोहिण्या बांधल्यावरही रक्त झिरपत राहते.

भुलीचा परिणाम या दोन्ही मार्गांनी होतो. काही द्रव्ये गर्भाशयाचा स्नायू सैल करतात. काही पद्धती रोहिण्यांतील व नीलांतील दाब कमी करतात. भूल उथळ राहून रुग्ण खोकू वा कुंथू लागल्यास, श्वासमार्ग अडल्यास, किंवा रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यास नीलांतील दाब वाढून जखम ओली होते. द्रव्य कोणते यापेक्षा ते कसे दिले गेले याला येथे अधिक महत्त्व असते, हे अनुभवी शस्त्रवैद्यांना पुस्तकात येण्याच्या पुष्कळ आधी ठाऊक होते. आणखी एक मार्ग अप्रत्यक्ष आहे व तो सहसा लक्षात घेतला जात नाही : कोणती भूल चालू आहे यावर रक्तस्राव थांबविण्याची कोणती साधने शस्त्रवैद्याला वापरता येतील हे ठरते.

ईथर व क्लोरोफॉर्म : विल्यम मॉर्टन यांनी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टन येथे ईथराचा जाहीर प्रयोग केला. जेम्स यंग सिम्पसन यांनी एडिंबरो येथे जानेवारी १८४७ मध्ये प्रसूतीसाठी ईथर व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लोरोफॉर्म वापरला. भारतात कलकत्ता येथे ईथर १८४७ मध्ये व क्लोरोफॉर्म १८४८ च्या आरंभी वापरले गेले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे पश्चिम भारतातील आधुनिक वैद्यकाचे शिक्षण व भुलीचा शोध ही जवळजवळ एकाच वेळची आहेत. ईथर सु. ३५° से. तापमानास उकळते आणि पेट घेते. उष्ण प्रदेशात ते बाटलीतून मुखवट्यावर पडेपर्यंतच उडून जाई व दिव्याच्या उजेडात धोक्याचे ठरे. क्लोरोफॉर्म पेटत नसे, थोडे पुरे आणि लहान बाटलीत मावे. त्यामुळे मुंबई इलाख्यातील रुग्णालयांत व दवाखान्यांत त्याचेच प्राबल्य राहिले.

क्लोरोफॉर्म गर्भाशयाचा स्नायू जोराने सैल करतो. प्रसूतीनंतर रक्त अधिक जाते अशी तक्रार त्याच्या विरोधकांनी प्रारंभीच केली होती. परंतु वेदनेच्या प्रश्नावरील धार्मिक व नैतिक वादात ती बुडून गेली. जॉन स्नो यांनी १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या प्रसूतीत क्लोरोफॉर्म दिला, तेव्हा तो प्रत्येक कळेसरशी थोडा थोडा हुंगवला. राणी पूर्ण बेशुद्ध नव्हती. अशा मात्रेत गर्भाशय सैल पडत नाही. मात्रेचा हा फरक स्नो यांच्या अनुयायांनी पाळला नाही, आणि जो दोष मात्रेचा होता तो कधी द्रव्याच्या, तर कधी प्रसूती करणाऱ्याच्या माथी मारला गेला.

हैदराबाद संस्थानात (मराठवाडा त्या वेळी याच संस्थानात होता) एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. दुसऱ्या आयोगासाठी निजामांनी द्रव्यसाहाय्य केले व लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाचारण करण्यात आले. प्राण्यांवर केलेल्या शेकडो प्रयोगांवरून, क्लोरोफॉर्मने श्वसन आधी थांबते व हृदय नंतर, म्हणून श्वासावर लक्ष ठेवल्यास धोका नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. या कार्यात सहभागी असलेल्या रूपाबाई फर्दुनजी यांची गणना जगातील पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत केली जाते. एवढा खटाटोप होऊनही रक्तस्रावाचा प्रश्न आयोगापुढे नव्हताच. मृत्यू श्वासाने की हृदयाने, एवढाच त्या काळचा वाद होता.

त्याच सुमारास, १८८६ मध्ये, मुंबईत स्त्रिया व मुले यांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याची धुरा एडिथ पीची यांच्याकडे आली. स्त्री-डॉक्टरांनी चालविलेल्या या रुग्णालयामुळे पडदा वा संकोच यांमुळे घरीच राहणारे स्त्रीरोग प्रथमच शस्त्रक्रियेच्या कक्षेत आले. म्हणजे ज्या शस्त्रक्रियांत रक्तस्रावाचा प्रश्न सर्वांत तीव्र, त्या शस्त्रक्रिया क्लोरोफॉर्मच्या काळातच येथे वाढीस लागल्या.

विस्तव, ॲड्रेनॅलीन व भूल : योनिमार्गाने करावयाच्या शस्त्रक्रियांत, उदा., गर्भाशय खाली सरकल्यास (अंग बाहेर येणे) करावयाच्या दुरुस्तीत, रक्त झिरपून शस्त्रवैद्याची दृष्टी झाकली जाते. त्यावर दोन उपाय उपलब्ध झाले. एक, ऊतकांत अतिविरल ॲड्रेनॅलीन टोचून वाहिन्या आकसविणे. दुसरा, १९२० नंतरच्या दशकात विल्यम बोव्ही यांनी प्रचारात आणलेली विद्युत्-दहन पद्धती. परंतु ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की, हलक्या क्लोरोफॉर्म-भुलीत ॲड्रेनॅलीन रक्तात गेल्यास हृदयाच्या निलयांचे कंपन होऊन मृत्यू येतो. हैदराबादच्या निष्कर्षाला त्यामुळे तडा गेलाच, शिवाय क्लोरोफॉर्म देत असताना ॲड्रेनॅलीन वर्ज्य ठरले. ईथरबरोबर ॲड्रेनॅलीन चालत असे; पण ईथराची वाफ ठिणगीने पेटत असल्यामुळे विद्युत्-दहन चालत नसे. अशा रीतीने एका भुलीने एक साधन हिरावून घेतले व दुसरीने दुसरे. शस्त्रवैद्याजवळ चिमटा, दोरा व दाबून धरलेला कापूस एवढेच उरत असे. त्या काळातील रक्तस्रावाचे आकडे वाचताना ही अडचण ध्यानात घेणे आवश्यक आहे. सगळा दोष द्रव्याच्या थेट परिणामास देता येत नाही.

या पेचातून बाहेर काढणारी पद्धत आधीच अस्तित्वात होती. जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर केला. कोकेनच्या जागी पुढे प्रोकेन, लिग्नोकेन व ब्युपिव्हाकेन ही अधिक सुरक्षित औषधे आली. या पद्धतीत गर्भाशयाचा स्नायू सैल पडत नाही, विस्तव चालतो आणि ॲड्रेनॅलीनही चालते. अनुकंपी तंत्रिकांचे कार्य तात्पुरते थांबून वाहिन्या विस्फारतात आणि रक्तदाब काही प्रमाणात उतरतो. रुग्ण स्वतः श्वास घेत असल्याने छातीतील दाब कमी राहतो व कटिरातील नीला रिकाम्या होत जातात. मात्र लहान रुग्णालयांत ही भूल रूढ झाली ती या गुणांमुळे नव्हे. तिला यंत्र लागत नाही, सिलिंडर लागत नाही, औषध स्वस्त असते व एकटा डॉक्टरही ती देऊ शकतो, म्हणून ती रूढ झाली. रक्त कमी जाणे हा तिचा लाभ नंतर मोजला गेला.

मुंबईतील स्त्रीरोगशास्त्र व हॅलोथेन : गोव्यातील शिरोडे येथे १८९९ मध्ये जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर व पुरंदरे घराण्यातील स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईला जागतिक ख्याती मिळाली. खाली सरकलेले गर्भाशय काढून न टाकता पट्ट्याने उचलून धरण्याच्या शस्त्रक्रिया त्यांच्या नावांनी ओळखल्या जातात. कष्टाची कामे करणाऱ्या व लहान वयात अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा विकार फार असे. शिरोडकर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेली गर्भाशयमुख टाक्याने बांधण्याची शस्त्रक्रिया वारंवार होणाऱ्या गर्भपातावर केली जाते. भुलीच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे. येथे गर्भाशय आकसणे हेच संकट असते. म्हणून स्नायू सैल करणारे द्रव्य इष्ट ठरते. अडकलेली वार हाताने काढतानाही तसेच. गर्भपिशवी रिकामी करताना जो दुर्गुण, तोच येथे गुण होतो. ‘चांगली भूल’ व ‘वाईट भूल’ अशी सरसकट विभागणी करणाऱ्या पाठ्यपुस्तकांनी हा भेद पुरेसा स्पष्ट केलेला नाही.

हॅलोथेन हे द्रव्य इंग्लंडमध्ये १९५१ मध्ये तयार झाले व १९५६ मध्ये प्रथम रुग्णांना देण्यात आले. ते पेटत नसल्यामुळे विस्तवाचा प्रश्न सुटला. ओकारी कमी झाली. परंतु क्लोरोफॉर्मप्रमाणेच ते ॲड्रेनॅलीनच्या उपस्थितीत हृदयाची लय बिघडविते आणि गर्भाशय सैल करते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत गर्भपाताच्या शस्त्रक्रियांत गेलेले रक्त मोजून पाहण्यात आले, तेव्हा हॅलोथेन दिलेल्या स्त्रियांत स्राव स्पष्टपणे अधिक आढळला. सिझेरियन छेदात सु. ०.५ टक्का इतक्या अल्प प्रमाणात दिल्यास तसे होत नाही, हेही त्याच काळात दिसून आले. येथेही मात्राच निर्णायक ठरली. स्नो यांनी शंभर वर्षांपूर्वी जे साधले होते त्याचाच हा मोजमापासह पडताळा होता. मात्रा वाढली की ऑक्सिटोसीन हे गर्भाशय आकसविणारे औषध दिले तरी स्नायू त्यास प्रतिसाद देत नाही. पुढे आलेली आयसोफ्ल्युरेन व सेव्होफ्ल्युरेन ही द्रव्ये इतर बाबतींत सौम्य असली, तरी गर्भाशय सैल करण्याचा धर्म त्यांतही आहे. म्हणून गर्भपिशवी रिकामी करताना शिरेतून प्रोपोफोल देण्याकडे कल वाढला.

रक्तदाब मुद्दाम उतरवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत १९४० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये सुरू झाली. मोठ्या तंत्वार्बुदांच्या (गर्भाशयाच्या भित्तीतील स्नायुमय गाठींच्या) शस्त्रक्रियेत ती मोहक वाटते, कारण क्षेत्र कोरडे राहते. परंतु दाब पूर्ववत झाल्यावर, म्हणजे रुग्ण खाटेवर गेल्यानंतर, न बांधलेल्या वाहिन्या उघडतात. हा प्रतिक्रियात्मक स्राव पहिल्या रात्री सुरू होतो आणि पोटात साचत असल्यामुळे दिसतही नाही. कमरेखालच्या भुलीनंतर हेच लहान प्रमाणात घडू शकते. जेथे रात्री नाडी व रक्तदाब पाहणारी परिचारिका नाही, तेथे कोरडे क्षेत्र ही फसवी खूण ठरते.

रक्ताची उपलब्धता : भुलीच्या निवडीला खरी धार येते ती रक्त किती दूर आहे यावरून. मुंबईत रक्तपेढ्या होत्या, संशोधनही होते. शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातील वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बाँबे रक्तगट’ जगापुढे आणला. या गटाच्या व्यक्तीस ‘ओ’ गटासह अन्य कोणतेही रक्त चालत नाही, फक्त त्याच दुर्मिळ गटाचे चालते. अशा स्त्रीच्या बाबतीत शस्त्रक्रियेत रक्त जाऊच न देणे हाच मुख्य उपाय होय. मुंबईबाहेरच्या तालुक्यांत मात्र सामान्य गटाच्या स्त्रीचीही अवस्था तीच होती, कारण रक्त कोणत्याच गटाचे नव्हते.

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबई बंदराच्या पलीकडेच असूनही खाड्या व डोंगर यांमुळे हा जिल्हा दीर्घकाळ दूर राहिला. धरमतरहून बोटीने जाणे हाच पेण परिसरातील लोकांचा मुंबईला जाण्याचा जुना मार्ग होता. ठाण्याच्या खाडीवरील पूल १९७३ मध्ये झाला व रोह्यापर्यंत रेल्वे १९८६ मध्ये पोचली. आपटा व पेण यांच्या दरम्यान याच रेल्वेमार्गावर जिते हे पेण तालुक्यातील गाव आहे. सभोवती भातशेती, खाडीकाठी मिठागरे आणि डोंगरांत आदिवासींच्या वाड्या असलेल्या या पट्ट्यात चिखलातील लावणी व डोक्यावरील ओझे ही स्त्रियांची नित्याची कामे राहिली आहेत. आता पेण व रोहे येथे उपजिल्हा रुग्णालये असून जिल्हा रुग्णालय पेणपासून सु. ३० किमी.वर अलिबाग येथे आहे. नियोजित शस्त्रक्रियेत हे अंतर अडचणीचे ठरत नाही. रक्त आधी आणून ठेवता येते, किंवा काही आठवडे लोह देऊन रुग्णाचेच रक्त वाढविता येते. अंतराला किंमत येते ती अवचित प्रसंगी.

तालुका पातळीवर भूलतज्ज्ञ मिळत नाही ही जुनी अडचण आहे. तिच्यावरील उपाय म्हणून एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना तातडीच्या प्रसूतिसेवेपुरते भुलीचे १८ आठवड्यांचे प्रशिक्षण देण्याची योजना केंद्र शासनाने आखली व रक्तपेढीपासून दूर असलेल्या रुग्णालयांसाठी रक्तसाठवण केंद्रांची कल्पना पुढे आली. अशा अधिकाऱ्याच्या हाती मुख्यतः दोन पद्धती असतात : कमरेखालची भूल व केटामीन. केटामीन १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आले. ते श्वास सहसा थांबवीत नाही, गर्भाशय सैल करीत नाही आणि रक्तदाब वाढविते. लहान शस्त्रक्रियांना ते सोयीचे असले, तरी वाढलेल्या दाबाने जखमेतून झिरपणारे रक्तही वाढू शकते.

अलीकडील निष्कर्ष : अशा १४१ चाचण्यांचे (एकूण ९,५५९ रुग्ण) एकत्रित विश्लेषण २००० साली ब्रिटनमधील वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात कमरेखालची वा तत्सम भूल दिलेल्यांत रक्ताधानाची शक्यता सु. निम्म्याने कमी दिसली. या चाचण्या सर्व तऱ्हेच्या शस्त्रक्रियांच्या, पुष्कळशा नितंबसंधीच्या व जुन्या होत्या. नंतरच्या अभ्यासांत फरक इतका मोठा आढळला नाही. सिझेरियन छेदात मात्र प्रादेशिक भुलीने रक्त कमी जाते, असे बहुतेक अभ्यास दर्शवितात. भूल कोणतीही असो, रुग्णाचे शरीर थंड पडू न देणे महत्त्वाचे आहे : तापमान सु. १° से. इतके जरी उतरले, तरी बिंबाणू व क्लथनक्रिया (रक्त गोठण्याची क्रिया) मंदावून स्राव सु. १६ टक्क्यांनी वाढतो, असे २००८ मधील एका विश्लेषणात दिसून आले. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने नीला मिटलेल्या असतात. वायू सोडल्यावर क्षेत्र पुन्हा पाहून घ्यावे लागते.

या सर्व विवेचनाला एक मोठा अपवाद आहे. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटून पोटात रक्त साचलेल्या स्त्रीच्या रक्तवाहिन्या आवळून धरूनच तिचा रक्तदाब टिकलेला असतो. जी कमरेखालची भूल नियोजित शस्त्रक्रियेत रक्त वाचविते, तीच येथे हे आवळणे सोडविते. दाब एकदम कोसळतो व हृदय थांबू शकते. रक्ताच्या क्लथनात बिघाड झालेल्या रुग्णालाही पाठीत सुई टोचता येत नाही. तेथे केटामीन देऊन श्वासनलिकेत नळी घालणे व शक्य तितक्या लवकर पोट उघडून फुटलेली नलिका चिमट्यात धरणे हा मार्ग पत्करतात. रक्तपेढीचे रक्त वाटेत असेल व गर्भ फुटून फार वेळ लोटला नसेल, तर पोटात साचलेले स्वच्छ रक्त निर्जंतुक भांड्यात घेऊन, क्लथनरोधक द्रव्य मिसळून, जाळीदार कापडाच्या थरांतून गाळून त्याच स्त्रीच्या शिरेत परत देण्याची रीत लहान रुग्णालयांत अनेक दशके उपयोगी पडत आली आहे.